आखाजीले धाडशात का?

गिरणी बंद झाली तसं गाव ऐकू यायला लागलं.

इतका वेळ सिंधुबाईच्या कानात पट्ट्याची घरघर भरून होती. ती थांबली आणि निंबावरचा होला बोलला, गोठ्यात साखळी वाजली, केळीच्या बागेतून तापीवरचा वारा पानं फाडत आला. उद्या आखाजी, लेकींनी माहेरी यायचा सण, म्हणून आज दळणाची रांग. तरी तिचा नवरा हेमकांत स्वतः गिरणीवाल्याकडे जाऊन हात जोडून आला होता. पोरीची मुलाखत आहे मुंबईची, कंप्युटरवर, तासभर पट्टा काढून ठेव. रांगेतल्या बायांनी डबे खाली ठेवले. एक म्हातारी म्हणाली म्हणे, मयतले बंद ठेवतस, मंग मुलाखतले काब्र नही. सगळ्या हसल्या. हेमकांतही हसत घरी आला आणि ते हसू जिन्याच्या पायरीशी त्याच्या तोंडावरून उतरलं, कारण वरून भाविकाचा आवाज येत होता. ती एकटीच इंग्रजीत घोकत होती, आणि तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

माहीत होतं ते सिंधुबाईला. हेमकांतला. आणि कोकिळाताईला, जिने ते घडवून आणलं होतं.

कोकिळा ही हेमकांतची थोरली बहीण, सुरतेला दिलेली. दर आखाजीला न चुकता माहेरी यायची. या वर्षी येताना सांजोऱ्यांच्या डब्याबरोबर भाविकासाठी स्थळही घेऊन आली, तिच्या जावेच्या भाच्याचं. कापडाचं दुकान, एकुलता मुलगा, शांत. काल संध्याकाळी सुरतेहून फोन आला आणि चुनीलाल आबांनी, सिंधुबाईच्या सासऱ्यांनी, ओट्यावर बसल्या बसल्या जबान देऊन टाकली. समोर देवापुढचा नारळ होता, त्याच्यावर हात ठेवून. भाविका तेव्हा वरच्या खोलीत अभ्यास करत होती. हेमकांत बापाशेजारी बसला होता. त्याने मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सिंधुबाई दाराआड उभी होती.

कोकिळाच म्हणाली होती, "उद्या पोरनी मुलाखत व्हवू द्या. मंग सांगसू. तिन्ही हौस तरी फिटू द्या."

आणि आता तीच कोकिळा वरच्या खोलीत स्टुलावर उभी राहून भिंतीवर चादर ताणत होती. भिंतीचा रंग पोपडे होऊन निघालेला, तो साहेबांना दिसू नये म्हणून. आपल्या बॅगेतली कोरी चादर तिने घडी मोडून काढली. भाविकाचा शर्ट तिने इस्त्री केला, कॉलर पाणी मारून पुन्हा केली. सिंधुबाईला नणंदेचं हे मन कळेना. तोडणारा हात तो, आणि शिवणाराही तोच.

"वहिनी, अशा काय पाही ऱ्हायन्या?" कोकिळा खिळा ठोकत म्हणाली. "मी काय तिन्ही वैरीण शे?"

सिंधुबाईने तिच्या हातात पुढचा खिळा दिला. या घरात तिने न बोललेलं इतकं साठलं होतं की त्यावर पीक यावं.

भाविका काय करणार होती, हे घरात सिंधुबाईला एकटीला थोडंफार कळलं होतं. लेक आधी गुजरातेत पेट्रोलियमचं इंजिनिअरिंग शिकली, मग पुण्याला एमबीए झाली, आणि गेला आठवडाभर ती चुलीपाशी बसून आईवरच मुलाखतीचा सराव करत होती. बँक आहे, पण पैसे ठेवायची नाही. एका कंपनीला दुसऱ्या कंपनीची तेलाची किंवा वायूची विहीर विकत घ्यायची असते. तिची किंमत काय धरावी, पैसा कुठून उभा करावा, हे सांगणारी बँक. त्यातल्या तेल-वायूच्या विभागात जागा होती.

"खाले उतरीसन पाहतस का?" सिंधुबाईने विचारलं होतं.

"कोणीच पाहत नाही, माय. नळी खाली सोडतात, थोडं वर येतं, त्यावरून अंदाज बांधायचा. खाली किती आहे, त्यातलं किती खात्रीचं, किती नुसत्या आशेचं."

विहीर लागल्या लागल्या भरभरून देते, मग दरवर्षी कमी कमी, असंही तिने सांगितलं. तो उतार कागदावर काढून दाखवला. आणि विहीर आटली की ती नीट बुजवावी लागते, समुद्रातला लोखंडी मनोरा कापून न्यावा लागतो. तो खर्च विकत घेणाऱ्याच्या माथी. नवखे लोक वर काय येणार तेवढंच मोजतात, म्हणाली, आणि बुजवायचं विसरतात. सिंधुबाईने भाकरी उलटली आणि त्या उताराकडे पाहत राहिली. टेकडीवरून कोणी एकटं खाली चालत यावं, तशी ती रेघ.

आज सकाळी चहाला आबांनी नातीला जवळ बसवून सगळं विचारून घेतलं. किती जण असतील, कोण आधी बोलेल. शेवटी काय होतं, असं विचारल्यावर ती सहज म्हणाली, "शेवटी ते म्हणतात, तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?"

आबांचा चेहरा उजळला. "चांगली रीत शे. आपलाकडे बी तसंच. पोर पाहीसन व्हयनी, का मंग पोरीकडला इचारतस."

भाविका हसून वर गेली. आबा उठून आपल्या खोलीत गेले, आणि थोड्या वेळाने सिंधुबाईला पेटीतला काळा कोट खाटेवर काढलेला दिसला. शेजारी पांढरी टोपी. हा कोट आबा फक्त कोणाच्या घरी पोर मागायला किंवा द्यायला जाताना घालत. तिने तो पाहिला, आणि पुरण शिजायला टाकायला निघून गेली.

*

लाईट गेलीच, पण इन्व्हर्टरने धरलं. दार लोटलेलं होतं. हेमकांत दाराला कान लावून उभा, कोकिळा जिन्यावर बसून खालच्या पोरांना हाताने गप्प करत होती. आबा कोट-टोपी घालून व्हरांड्यातल्या खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात ठेवून. कोणाला वाटलं असेल की ते नुसते बसले आहेत. सिंधुबाई फटीपाशी उभी होती. तिला लेकीची पाठ दिसत होती आणि पडद्यावरचे तिघे: दोन पुरुष, एक बाई. बाईंचे केस पांढरे होते, आणि ते त्यांनी रंगवले नव्हते, हे सिंधुबाईला आवडलं.

इंग्रजी तिला येत नव्हतं. पण सरावातले शब्द ओळखीचे होऊन बसले होते, आणि ते एकेक पुढे येताना गर्दीत आपलं माणूस दिसावं तसं तिला व्हायचं. रिझर्व्ह. डिक्लाइन. एका पुरुषाने बराच वेळ काही विचारलं. भाविका थांबली, मग सावकाश बोलत गेली. हेमकांतने मागे वळून बायकोला कुजबुजत सांगितलं की त्यांनी समुद्रातल्या जुन्या विहिरीची किंमत विचारली, आणि पोरीने आधी बुजवायचा खर्च काढला. तो पुरुष हसतो आहे बघ, म्हणाला. हेमकांतचे डोळे भरले होते. काल बापाशेजारी गप्प बसलेला माणूस हाच होता.

सिंधुबाईला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही जाणार. खरंच जाणार. लेकीच्या पाठीतला ताण सैल झाला होता. ती हात हलवून बोलत होती, शेतावरून परतताना मैत्रिणींशी बोलते तशी. पडद्यावरच्या बाई पुढे वाकून ऐकत होत्या. त्या घरात कोणी बाईचं बोलणं असं वाकून ऐकलेलं सिंधुबाईने पाहिलं नव्हतं.

"झालं का रे?" आबांनी विचारलं.

"झालंच," हेमकांत आनंदाच्या भरात बोलून गेला. "आते इचारी ऱ्हायनात, तुमले काही इचारनं शे का."

आबा उठले.

फटीपासून खुर्चीपर्यंत हाताएवढं अंतर. सिंधुबाईने आबांच्या कोटाची बाही धरली. सासऱ्याला तिने आजवर कधी हात लावला नव्हता. पदर पुढे ओढून वाट सोडण्यात तिचा जन्म गेला होता. आबा थांबले, वळले, आणि अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाले, "आखाजीले धाडशात का, इतलंच इचारस. पोर दूर चालनी. कोनीतरी इचारालेच पाहिजे ना, बाई."

सिंधुबाईची बोटं बाहीवर तशीच होती.

तिचं माहेर म्हसावदचं. काय लांब? सकाळी एसटीत बसलं की न्याहारीला पोचावं. पण लग्नानंतर कित्येक आखाज्या तिने याच ओट्यावर काढल्या होत्या. कधी केळीची लागण, कधी सासूचं दुखणं, आणि कधी काहीच नाही, नुसतं आबांचं "पुढल्या सालले". तिचा भाऊ न्यायला यायचा, सायकल निंबाला टेकवायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि एकटाच परत जायचा. त्या दिवशी गावातल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत असायच्या. ती मागच्या अंगणात भांडी घासत असायची, आणि एकदा तिच्याही तोंडातून एक ओवी निघून गेली होती, तिची तिलाच ऐकू जाईल अशी:

झोका गया उंच उंच, दिसनं माहेरनं झाड,
भाऊ वाटवर उभा, कोनी लायं रे कवाड.

तिचं लग्न ठरताना तिच्या बापाने हा प्रश्न विचारला नव्हता. कोणी सुचवलं तेव्हा तो म्हणाला होता, आपली माणसं आहेत, त्यांना काय विचारायचं.

आणि आज तेच आबा, ज्यांनी तिला धाडलं नव्हतं, टोपी नीट करून हा प्रश्न विचारायला निघाले होते. तिच्यासाठी कोणी न विचारलेला. तिला तो ऐकायचा होता. एकदा तरी, कोणाच्या तरी तोंडून, तिला तो ऐकायचाच होता.

तिने बाही सोडली.

*

"रामराम," आबा आत जाऊन म्हणाले.

भाविका वळली. तिच्या तोंडावर आधी काहीच उमटलं नाही, इतकं ते अनपेक्षित होतं. एका पुरुषाने हसू लपवायला तोंडावर हात घेतला. पण बाईंनी मराठीत म्हटलं, "नमस्कार, आजोबा. बसा ना."

आबांनी स्टूल ओढलं, नातीच्या शेजारी बसले, काठी मांडीवर आडवी घेतली. पोर कुठे राहील, कोणाच्या सोबतीने घरी परतेल, हे त्यांनी रीतसर विचारलं आणि बाईंनीही रीतसर सांगितलं. भाविका हळूच "आबा, पुरे ना आता" म्हणत होती. तिचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता.

"आखरीनी एक गोट," आबा म्हणाले. "आखाजीले धाडशात का?"

बाईंना क्षणभर कळलं नाही. मग म्हणाल्या, "अक्षय तृतीया? हो, पाठवू की. रजा मिळेल."

दाराआड सिंधुबाईने डोळे मिटले. इतकं सोपं होतं ते. एक माणूस विचारतो आणि दुसरं माणूस हो म्हणतं.

तिथे ते थांबले असते तर हसण्यावारी गेलं असतं. पण आबा जुन्या रीतीचे. पोर दाखवली की घरातली गोष्ट दडवून ठेवायची नाही. उद्या कळलं तर दोष घराला लागतो. चांगल्या माणसांशी तर मुळीच दडवायची नाही, आणि ही चांगली माणसं निघाली होती.

"आते तुमले खरं सांगी देस," ते म्हणाले. "काल आम्ही पोरनी जबान दिन्ही. सुरतले. दिवाई नंतर लगीन. तवलग ती तुमनी. मंग तिन्हा सासरना म्हनतीन ते."

भाविकाचा हात त्यांच्या गुडघ्यावरून उचलला गेला आणि कुठे ठेवावा हे न कळून हवेत राहिला. तिने आजोबांकडे पाहिलं. मग दाराकडे. फटीत आईचा डोळा होता.

पडद्यावर कोणी हसत नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या की आजोबा, आम्ही मुलींना लग्नाचं विचारत नाही आणि त्याच्यावर काही ठरवतही नाही. मग त्या भाविकाकडे वळल्या. जो प्रश्न त्या एरवीही विचारणार होत्या तोच त्यांनी विचारला, फक्त इंग्रजी सोडून मराठीत, आणि जरा जास्त मायेने.

"भाविका, जूनपासून येशील? पहिलं वर्ष कठीण जातं. तरीही येशील का, एवढंच मला तुझ्याकडून ऐकायचंय."

याचाही सराव झाला होता. चुलीपाशी सिंधुबाई साहेब व्हायची आणि विचारायची, येशी का? आणि भाविका पोळपाट वाजवून म्हणायची, हो. एका अक्षराचं उत्तर. पण आता शेजारी आजोबा होते, काळ्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि आबांनी कौतुकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. हो म्हणणं म्हणजे त्या हाताला तिऱ्हाइतांपुढे खोटं पाडणं.

तिचे ओठ हलले.

"मी... घरच्यांना विचारून सांगते."

सिंधुबाईने ते वाक्य ओळखलं. बघायला आलेल्यांपुढे मान खाली घालून म्हणायचं वाक्य. लेकीला ते कोणी शिकवलं नव्हतं. इतक्या शाळा, इतकं इंग्रजी, आणि त्या सगळ्याच्या तळाशी ते शाबूत पडून होतं. एवढ्या खोल की नळी सोडली ती नेमकी त्याच्यावरच गेली.

बाईंनी काही वेळ वाट पाहिली. त्या वाट पाहत होत्या, हे सिंधुबाईलाही दिसलं. मग त्या बरं म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत कोट घातलेला एक म्हातारा, एक मुलगी, आणि मागे फटीत एक बाई दिसत होती.

"भली मानसे शेतस," आबा उठत म्हणाले.

*

भाविका रडली नाही. खाली येऊन पुरणाच्या पातेल्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली,

"तुला माहीत होतं?"

"काल समजनं."

"आणि आबांना अडवलं नाहीस."

सिंधुबाईने हाताकडे पाहिलं. बाहीचं काय सांगायचं? धरली होती, हे सांगावं तर सोडली हेही सांगावं लागेल. आणि का सोडली हे सांगायला तिला कित्येक आखाज्या उकलाव्या लागल्या असत्या. तिने पुरण ढवळलं.

भांडण झालं ते भलत्याच जागी फुटलं. कोकिळा बापावर उठली. जबान तुमची आहे, पोरीची नाही. मी सुरतेला फोन करून थांबायला सांगते, म्हणाली. तुनीच आनं ना स्थय, असं हेमकांत बहिणीवर ओरडला, आणि कोकिळाने त्याला विचारलं की काल तुन्हा तोंडमा काय गूय व्हता का. आबा एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"मी वाईट काय बोलनू?" ते विचारत होते. "दपाडी ठेवतू तर वाईट. मी तर सगळं खरं सांगं."

भाविकाने वर जाऊन मेल लिहिला, मी येते, जूनपासून नक्की येते. कोकिळाने ताणलेली चादर मागे तशीच होती. वाऱ्याने तिचा एक खिळा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी आखाजी. निंबाला झोका बांधलेला, लेकी-सुना नटून जमलेल्या, गौराईची गाणी चढत गेलेली. उन्हं कलली तेव्हा भाविका ओट्यावर आली आणि हातातला फोन आईपुढे धरला. अक्षरं इंग्रजी, सिंधुबाईने लेकीचा चेहरा वाचला.

"दुसऱ्या कोणाला तरी घेतलं," भाविका म्हणाली. "बाईंनी दोन ओळी वेगळ्या लिहिल्यात. हिशोब उत्तम होता म्हणे. पण तिथे रात्री-बेरात्री, कोणाला न विचारता, हो किंवा नाही म्हणता यावं लागतं."

फोन खिशात ठेवून ती निंबाकडे गेली. मैत्रिणींनी हात धरून तिला झोक्यावर बसवलं. ती बसली. त्यांनी झोका दिला तसा तो गेला, आला, गेला. तिने पाय एकदाही रेटले नाहीत.

आबा खाटेवर बसून ते पाहत होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

"सिंधू," त्यांनी हाक मारली. "औंदा झोकाना दोर सोडू नका. चांगला शे. पुढली आखाजीले भाविका मुंबईथीन येई. त्या बाईनी कबूल करं शे."

सिंधुबाई पदर न ओढता त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मुंबई गयी, आबा. तेस्नी दुसरं मानूस लिन्हं."

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची घडी बोटाने दाबत राहिले. मग म्हणाले, "असं. मंग सुरतथीन येई."

"सुरतवालास्ले इचारं का तुम्ही?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आखाजीले धाडशात का म्हनीसन?"

आबांनी मान वर केली. प्रश्न त्यांना खरोखरच कळला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत लपवाछपवी नव्हती, राग नव्हता. सुनेने अशी साधी गोष्ट विचारावी याचं नवल होतं फक्त.

"तेस्ले काय इचारनं?" ते म्हणाले. "त्या तर आपला मानसे शेतस."

पलीकडे गिरणीचा पट्टा चढला. झोक्यावरचं गाणं ओठांवर दिसत राहिलं, ऐकू आलं नाही.